रापुंझेलचा माग: एका जर्मन परीकथेचे मूळ आणि पाठभेद स्वतः कसे शोधावेत

रापुंझेलची गोष्ट बहुतेकांना चित्रांच्या पुस्तकातून ठाऊक असते. उंच बुरूज, खिडकीशी उभी असलेली मुलगी, खाली सोडलेली सोनेरी वेणी आणि ती धरून वर चढणारा राजपुत्र एवढे चित्र डोळ्यांसमोर आले की गोष्ट आपल्याला पाठ आहे, असे वाटू लागते. ती कुठली, असे विचारल्यास उत्तरही तयार असते: जर्मन लोककथा, ग्रिम बंधूंनी गोळा केलेली. हे उत्तर चुकीचे आहे असे म्हणवत नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो. तो कसा तपासावा, हे परीकथांच्या अभ्यासात नव्यानेच पाऊल टाकणाऱ्या वाचकांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

सरावासाठी हीच कथा निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे. तिचे बहुतेक महत्त्वाचे टप्पे छापील आहेत, त्यांची साले माहीत आहेत, आणि मूळ मजकूर आज घरबसल्या वाचता येतात. शिवाय ती अवघ्या दोन-तीन पानांची असल्यामुळे चार पाठ, म्हणजे कथेची चार छापील रूपे, शेजारी मांडून ओळीला ओळ लावून पाहणे एका सुट्टीच्या दिवसात होण्याजोगे आहे. जर्मन येत नसेल तरी अडणार नाही, कारण संगणकीय भाषांतर आता या कामापुरते बरे होते. मात्र ज्या शब्दावर तुमचा निष्कर्ष टेकलेला असेल, तो शब्द शब्दकोशात स्वतः पाहावा.

आधी आवृत्ती ठरवा

नवखा अभ्यासक हमखास जी चूक करतो ती अशी: तो 'ग्रिमची रापुंझेल' असे म्हणतो आणि मिळेल तो मजकूर समोर घेतो. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या मोठ्या आवृत्त्या एकंदर सात निघाल्या. पहिलीचा पहिला भाग १८१२ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला आणि दुसरा १८१५ साली; त्यानंतर १८१९, १८३७, १८४०, १८४३, १८५० आणि शेवटची १८५७. यांखेरीज १८२५पासून पन्नास निवडक कथांची एक छोटी आवृत्तीही निघू लागली, आणि घरोघरी मुलांच्या हाती पोचली ती मुख्यतः हीच. आज भाषांतरांतून आपण जे वाचतो, त्याचा आधार बहुधा १८५७चा पाठ असतो, म्हणजे पहिल्या छपाईनंतर पंचेचाळीस वर्षे हात फिरत राहिलेला मजकूर. हा हात प्रामुख्याने विल्हेल्म ग्रिम यांचा होता. थोरले बंधू याकोब पुढे व्याकरण आणि शब्दकोश यांत अधिक गुंतले.

म्हणून वहीचे पहिले पान उघडून त्यावर आपल्या हातातील मजकूर कोणत्या सालचा, हे लिहावे. भाषांतराच्या पुस्तकात साल दिले नसेल, तर कथेतूनच ते ओळखण्याच्या खुणा पुढे येतील. जर्मन विकिसोर्सवर या आवृत्त्यांचे मजकूर उपलब्ध आहेत, आणि जुन्या छपाईची पानेच पाहायची असतील तर इंटरनेट आर्काइव्ह आणि गूगल बुक्स येथे त्यांच्या प्रतिमा मिळतात. ही जुनी पाने टोकदार गॉथिक टाइपात असतात आणि त्यात 'स'साठी एक लांबट अक्षर वापरलेले असते, जे 'फ'सारखे दिसते. माझा पहिला अख्खा आठवडा या एका अक्षरामुळे वाया गेला, कारण यंत्राने वाचून दिलेल्या मजकुरातील अर्धे शब्द शब्दकोशात सापडतच नव्हते आणि दोष आपल्या जर्मनचा आहे, अशी माझी समजूत होती.

संग्रहात या कथेचा क्रमांक १२ आहे, आणि पहिल्या आवृत्तीपासून शेवटच्या आवृत्तीपर्यंत तो तोच राहिला आहे.

१८१२ आणि १८५७ शेजारी ठेवा

आता वहीच्या एका पानाचे दोन उभे भाग करून डावीकडे १८१२ आणि उजवीकडे १८५७ असे लिहावे, आणि प्रसंगामागून प्रसंग नोंदवत जावे. बहुतेक बदल किरकोळ वाटतील, परंतु एका ठिकाणी थांबावे लागेल.

ते ठिकाण म्हणजे गुपित फुटण्याचा क्षण. राजपुत्र बुरुजावर येतो, हे रापुंझेलला तेथे कोंडून ठेवणाऱ्या म्हातारीला कसे कळते? १८१२च्या पाठात रापुंझेल तिला भाबडेपणाने विचारते की, गोठेलबाई, माझे कपडे मला इतके घट्ट का होऊ लागले आहेत, ते अंगात बसेनासे का झाले आहेत? दिवस गेले आहेत हे त्या मुलीला कळत नाही, पण ऐकणारीला तत्काळ कळते. १८५७च्या पाठात याच जागी रापुंझेल विचारते की, गोठेलबाई, तुम्हाला वर ओढून घेणे मला त्या तरुण राजपुत्रापेक्षा इतके जड का जाते, तो तर एका क्षणात माझ्यापाशी येऊन पोचतो! पहिल्या प्रश्नात मुलगी अजाण आहे आणि दुसऱ्यात ती चक्क बावळट ठरते. कथेच्या दृष्टीने ही अदलाबदल तोट्याचीच झाली, असे माझे मत आहे. पण ती का झाली, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिली आवृत्ती विद्वानांना समोर ठेवून काढलेली होती आणि तिच्या शेवटी टिपा होत्या. नाव मात्र 'मुलांच्या आणि घरगुती परीकथा' असे असल्यामुळे लोकांनी ती मुलांसाठी विकत घेतली, आणि तक्रारी सुरू झाल्या. एका परीक्षणात तर रापुंझेलचेच उदाहरण घेऊन विचारले होते की, कोणती आई किंवा दाई ही गोष्ट एखाद्या निष्पाप मुलीला न लाजता सांगू शकेल. १८१९च्या प्रस्तावनेत बंधूंनी लिहिले की मुलांच्या वयाला न शोभणारा प्रत्येक शब्दप्रयोग या आवृत्तीतून काळजीपूर्वक काढून टाकला आहे.

आणि तरीही शेवटच्या पाठात रापुंझेल ओसाड रानात आपल्या जुळ्या मुलांसह, एक मुलगा आणि एक मुलगी, राहत असलेली दिसते. कपड्यांचा प्रश्न पुसला, राजपुत्राकडून लग्नाची मागणी रीतसर घालून घेतली, पण जुळी तशीच राहिली. संपादनाचा असा अर्धवट पुसलेला डाग सापडणे, ही या कामातील खरी कमाई असते. पाठभेद शोधताना बदललेल्या जागांइतकेच लक्ष न बदललेल्या, आणि म्हणूनच आता विसंगत झालेल्या जागांकडे द्यावे.

आणखी तीन जागा पाहून घ्याव्यात. १८१२मध्ये ही म्हातारी, म्हणजे जिच्या बागेतून भाजी चोरली जाते ती, 'परी' आहे, तर पुढे ती 'जादूगारीण' होते. १८५७मध्ये रापुंझेल राजपुत्राला दर खेपेस रेशमाची लड आणायला सांगते, म्हणजे शिडी विणून तिला खाली उतरता येईल. तिसरी जागा राजपुत्राच्या आंधळेपणाची: आधीच्या पाठात तो बुरुजावरून उडी टाकतो आणि त्या पडण्यातच डोळे गमावतो, तर नंतरच्या पाठात तो काटेरी झुडपात पडतो आणि काटे त्याच्या डोळ्यांत शिरतात. काटे दिसले की आपल्या हातातील भाषांतर पहिल्या आवृत्तीवरून केलेले नाही, हे ओळखता येते. यांतला कोणता बदल नेमका कोणत्या आवृत्तीत शिरला, हे मात्र मी मुद्दाम सांगत नाही. मधल्या पाच आवृत्त्यांची पाने उघडून ते स्वतः नोंदवावे, कारण हाताला वळण लागते ते याच कंटाळवाण्या कामातून.

संपादकाच्या टिपा वाचा, पण त्यांवर विसंबू नका

कथा वाचून झाली की वाचक पुस्तक मिटतो, आणि अभ्यासकाचे काम तेथून सुरू होते. ग्रिम बंधूंनी कथांच्या टिपा आधी आवृत्तीच्या शेवटी आणि नंतर स्वतंत्र खंडात छापल्या. हा टिपांचा खंड १८२२ साली आला आणि १८५६ साली सुधारून पुन्हा निघाला. रापुंझेलखालच्या टिपेत ते सांगतात की ही कथा फ्रीडरिश शुल्त्स यांनी आपल्या लघुकादंबऱ्यांच्या पाचव्या भागात, लाइपझिग १७९०, सांगितली आहे. ती फार पाल्हाळिक आहे, पण मौखिक परंपरेतूनच घेतलेली आहे.

यातील पहिला अर्धा भाग नेमका आहे आणि दुसरा अर्धा चुकीचा. शुल्त्स यांची कथा कोणा आजीच्या तोंडून आलेली नव्हती. ते एका छापील फ्रेंच कथेचे भाषांतर होते. शार्लोत-रोझ द कोमाँ द ला फोर्स या बाईंनी १६९७-९८च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या संग्रहात 'पर्सिनेत' नावाची कथा आहे, आणि शुल्त्स यांनी ती जर्मनमध्ये आणली. याकोब ग्रिम यांनी शुल्त्स यांचा मजकूर पुष्कळ छाटून, परीकथेच्या साध्या चालीत बसवून घेतला. म्हणजे शेतकऱ्याच्या चुलीपाशी ऐकलेली कथा म्हणून जिच्याकडे आपण पाहतो, ती या रूपात तरी कागदावरून कागदावर आलेली आहे.

येथे ग्रिम बंधूंना खोटे ठरवण्याची घाई करू नये. लोकांच्या तोंडी काव्य असते आणि छापील पुस्तके ते बिघडवतात, ही त्या काळातील श्रद्धा होती. शुल्त्स यांच्या पाल्हाळाखाली जुने काही दडले असणार असे त्यांना मनापासून वाटले. तुमच्या वहीत मात्र 'संपादक म्हणतो' आणि 'मजकुरावरून दिसते' असे दोन वेगळे रकाने असावेत. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली नाही, तर नंतर आपण कोणती गोष्ट कुठून उचलली हे आपल्यालाच सांगता येत नाही.

एकेक पायरी मागे जा

ला फोर्स यांच्या कथेत एका जोडप्यातील गर्भवती स्त्रीला परीच्या बागेतील पार्सली (कोथिंबिरीसारखी दिसणारी पालेभाजी) खायची अनावर इच्छा होते. पार्सली त्या काळी त्या प्रदेशात फार दुर्मीळ होती आणि परीने ती हिंदुस्थानातून मागवली होती, असे लेखिका सांगते. हे वाचून मराठी वाचकाला हसू येईल, पण दूरचे आणि दुर्मीळ ते सारे 'इंडीज'चे, अशी तेव्हाच्या फ्रेंच दरबारी वाचकांची कल्पना होती, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. मुलगी बारा वर्षांची झाल्यावर परी तिला रानातील चांदीच्या बुरुजात ठेवते, तिच्या दिमतीला सगळी सुखे देते, पुढे राजपुत्र येतो आणि मुलीला दिवस गेल्यामुळे गुपित फुटते. केस कापणे, हद्दपारी, राजपुत्राचे आंधळेपण, जुळी मुले, अश्रूंनी परतलेली दृष्टी हे सारे येथे आहे. शेवट मात्र वेगळा आहे. एकत्र आलेल्या कुटुंबावर संकटे कोसळतात, अन्नाचे दगड होतात, आणि अखेर त्यांचे प्रेम पाहून परीच द्रवते व त्यांना राजपुत्राच्या पित्याच्या महालात पोचवते. ग्रिमच्या पाठात ही क्षमा गाळली गेली. त्यामुळे तेथील म्हातारी कथा संपण्याआधीच नाहीशी होते आणि तिचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. लहान मुले नेमके हेच विचारतात.

लेखिकेविषयी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ला फोर्स यांना राजदरबारातून दूर करून मठात राहायला भाग पाडण्यात आले होते. कथा आणि चरित्र यांची थेट जोडणी लावण्याचा मोह आवरावा हे खरे, तरी सुखसोयींनी भरलेला पण दार नसलेला बुरूज एका अशा बाईच्या लेखणीतून उतरला, हे विसरणे कठीण जाते.

याहून मागे गेल्यास आपण नेपल्सला पोचतो. जाम्बातिस्ता बाझिले १६३२ साली वारले, आणि त्यांचा नेपोलितान बोलीतील कथासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यात कथा दिवसांनुसार वाटलेल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवसाची पहिली कथा 'पेत्रोसिनेल्ला' आहे. पास्कादोझिया नावाची गर्भवती स्त्री शेजारच्या राक्षसिणीच्या बागेतून पार्सली चोरते आणि पकडली जाते. तेव्हा होणारे मूल देण्याच्या बोलीवर तिची सुटका होते. मुलीच्या छातीवर जन्मतःच पार्सलीच्या जुडीची खूण असते. सात वर्षांची झाल्यावर ती शिकायला जाऊ लागते, आणि रोज रस्त्यात भेटणारी राक्षसीण तिला बजावते की तुझ्या आईला तिच्या वचनाची आठवण दे. रोज रोज तोच निरोप ऐकून त्रासलेली आई शेवटी म्हणते, सांग तिला, घेऊन जा म्हणावे! वचन देणारी आई अशी वैतागून वचन पाळते, हा बारकावा पुढे ला फोर्स किंवा ग्रिम यांच्या पाठात उरलेला नाही, आणि माझ्या मते या सबंध परंपरेतला तो सर्वांत जिवंत क्षण आहे.

बाझिलेची नायिका वाट पाहत बसणारी नाही. ती राक्षसिणीच्या स्वयंपाकघराच्या तुळईत लपवलेली तीन जादूची मायफळे मिळवते, दोराच्या शिडीने राजपुत्राबरोबर पळते, आणि पाठलाग करणाऱ्या राक्षसिणीवर ती एकेक करून फेकते. पहिल्यातून कुत्रा निघतो, दुसऱ्यातून सिंह आणि तिसऱ्यातून लांडगा. सिंहाला भिवविण्यासाठी राक्षसिणीने गाढवाचे कातडे पांघरलेले असते, त्यामुळे लांडगा तिला गाढव समजून खाऊन टाकतो. येथे केस कापले जात नाहीत, कोणी आंधळा होत नाही, जुळी मुले नाहीत. बाझिले आणि ला फोर्स यांच्या कथांचा पूर्वार्ध जुळतो आणि उत्तरार्ध पूर्णपणे वेगळा आहे; म्हणून वहीत या दोघांमध्ये बाण काढताना तो तुटक काढावा. ला फोर्स ते शुल्त्स आणि शुल्त्स ते ग्रिम हे बाण मात्र ठळक रेघेचे आहेत.

नावाचा धागा पकडा

वंशावळ लावताना सर्वांत भरवशाची खूण बहुधा क्षुल्लक दिसणारीच असते. येथे ती भाजीची आहे. नेपोलितानमध्ये पार्सलीला 'पेत्रोसिने', म्हणून मुलगी पेत्रोसिनेल्ला. फ्रेंचमध्ये 'पर्सिल', म्हणून ती पर्सिनेत. शुल्त्स यांनी मात्र पार्सलीचा जर्मन शब्द न घेता 'रापुन्त्सेल' (आपण ज्याचे 'रापुंझेल' केले तो शब्द) ही दुसरीच पालेभाजी घेतली, आणि नायिकेचे नावही तेच झाले. ग्रिमच्या कथेत ही भाजी आणि हे नाव जसेच्या तसे आहे, आणि तो धागा शुल्त्सपर्यंत नेण्यास एवढी एक खूणही पुरेशी ठरली असती. ती भाजी नेमकी कोणती, याची दोन उत्तरे दिली जातात: एक, पाने आणि मूळ दोन्ही खाल्ली जाणारी, घंटेसारख्या निळसर फुलांची कांपानुला वर्गातील वनस्पती, दुसरे, कोवळ्या पानांची, हिवाळ्यात कच्ची खाल्ली जाणारी शेतातील सॅलडची भाजी. जर्मन भाषक प्रदेशांत दोन्हींना हे नाव आहे, त्यामुळे तुमच्या टिपणात दोन्ही लिहावीत आणि पुढे जावे.

भाजीपाशी मराठी वाचकाला एक सोय आहे, जी जर्मन वाचकाला नाही. कथेचे सारे चक्र ज्या इच्छेमुळे फिरते, तिला आपल्याकडे 'डोहाळे' हा एक शब्दच आहे, संस्कृत 'दोहद'पासून आलेला. गर्भवतीची इच्छा अपुरी राहू नये, या समजुतीभोवती भारतीय कथासाहित्यात इतके काही रचले गेले आहे की मॉरिस ब्लूमफील्ड या संस्कृतच्या अभ्यासकाने १९२० साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. मगरीच्या बायकोला माकडाचे काळीज खाण्याचे डोहाळे लागतात ती जातककथा त्यातलीच, आणि भागीरथीकाठची तपोवने पाहण्याचे सीतेचे डोहाळेही. म्हणून मराठीत ही कथा सांगताना 'तिला भाजी खावीशी वाटली' असे न लिहिता सरळ 'तिला डोहाळे लागले' असे लिहावे. नवऱ्याने चोरीचा धोका का पत्करला, याचे वेगळे स्पष्टीकरण मग द्यावे लागत नाही. पण यावरून कथाच भारतातून गेली असावी, असा निष्कर्ष मात्र काढू नये. डोहाळे सगळीकडे लागतात.

क्रमांकाचा उपयोग आणि दुरुपयोग

आतापर्यंत आपण मजकुराकडून मजकुराकडे गेलो. इतर देशांतील भावंडे शोधायची असतील तर कथाप्रकारांची सूची वापरावी लागते. फिनलंडचे अंटी आर्ने यांनी १९१० साली ती सुरू केली, अमेरिकेचे स्टिथ थॉम्प्सन यांनी १९२८ आणि १९६१ साली वाढवली, आणि जर्मनीचे हान्स-यॉर्ग उटर यांनी २००४ साली तिची नवी मांडणी केली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला एटीयू म्हणतात. रापुंझेलचा प्रकार एटीयू ३१०, 'बुरुजातील कन्या'. ग्रिमच्या संग्रहातील क्रमांक १२ आणि हा ३१० यांची गल्लत नवखे नेहमी करतात. पहिला एका पुस्तकातील अनुक्रम आहे आणि दुसरा जगभरच्या कथांच्या वर्गीकरणातील खाना.

या खान्यात शोध घेतला की लाउरा गोन्झेनबाख यांनी सिसिलीत गोळा करून १८७० साली जर्मनमध्ये छापलेली सुंदर आंजोलाची कथा सापडते. तेथे पालेभाजीच्या जागी बोरांच्या जातीचे फळ आहे, आणि शेवटी चेटकीण पळून जाणाऱ्या मुलीचा चेहरा कुत्र्याचा होईल असा शाप देते. चेटकिणीच्याच घरचे कुत्र्याचे पिल्लू मग तिची मनधरणी करून तो शाप उतरवून घेते. असे पाठ वाचले की भाजी, शाप आणि शेवट या बदलत्या जागा आहेत, आणि मुलाचे वचन, बुरूज आणि केस हा कथेचा कणा आहे, हे आपोआप ध्यानात येते.

कण्याचे एखादे हाड दुसरीकडे दिसले म्हणजे नाते सिद्ध होत नाही. फिर्दौसीच्या 'शाहनामा' या फारसी महाकाव्यात रुदाबा आपल्या प्रियकरासाठी, झालसाठी, वरून केस सोडते. झाल मात्र त्या केसांना त्रास न देता दोर टाकून वर चढतो. ख्रिस्ती परंपरेतील संत बार्बारेला तिचा बाप बुरुजात कोंडतो. दोन्ही ठिकाणी डोहाळे नाहीत, मुलाचा सौदा नाही. अशा एकट्या घटकाला 'कल्पनाबंध' म्हणतात आणि त्यांची सूची वेगळी असते. केसांची शिडी तेथे एफ ८४८.१ या क्रमांकावर आहे आणि अश्रूंनी दृष्टी परत येणे एफ ९५२.१ या क्रमांकावर. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मेरी फ्रिअर यांनी १८६८ साली लंडनला प्रसिद्ध केलेल्या दख्खनी कथांच्या संग्रहात, ॲना लिबेराता द सूझा या आयेने सांगितलेली छोट्या सूर्याबाईची कथा आहे. तिला गरुड उचलून नेतात आणि झाडावरच्या, एकामागून एक सात दारे असलेल्या घरात ठेवतात. उंचावरचे बंद घर आणि आत मुलगी एवढे पाहून ती रापुंझेलची मराठी बहीण आहे, असे लिहून टाकावेसे वाटते. लिहू नये. वचन, केस, म्हातारी यांपैकी तेथे काही नाही, आणि सूर्याबाईची गोष्ट पुढे राक्षसाच्या तुटलेल्या नखाने मूर्च्छित होण्याकडे वळते, म्हणजे तिची नाती पाहायची झाल्यास ती झोपलेल्या सुंदरीच्या बाजूला पाहावी लागतील.

मग यात जर्मन ते काय?

एवढे सगळे झाल्यावर हा प्रश्न पडणे साहजिक आहे. पहिले उत्तर शैलीत आहे: छोटी वाक्ये, तीच तीच हाक, आणि 'रापुंझेल, रापुंझेल, केस खाली सोड' ही लय, जी ला फोर्स यांच्या दरबारी गद्यात नाही. दुसरे उत्तर 'गोठेल' या शब्दात आहे. बहुतेक भाषांतरांत ते म्हातारीचे विशेषनाम झाले आहे, पण बोलीत त्याचा अर्थ बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता असा होतो. म्हणजे रापुंझेल तिला नावाने हाक मारत नाही, नात्याने मारते, आणि कोंडून ठेवणारी बाई तिच्या लेखी कायम मावशी-आत्यासारखी घरची बाई राहते. कपडे घट्ट का होतात, असा प्रश्न मुलगी आणखी कोणाला विचारणार?

ठिकाणांच्या बाबतीत सावध राहावे. कासेलच्या उत्तरेस ट्रेंडेलबुर्ग येथील किल्ल्याचा बुरूज 'रापुंझेलचा' म्हणून पर्यटकांना दाखवतात आणि तेथे वेणीही सोडलेली असते. पाहायला छान आहे, पण कथेत कोणत्याही गावाचे नाव नाही. खरोखर पाहण्याजोग्या वस्तू कासेल शहरात आहेत: संग्रहाच्या बंधूंनी स्वतः वापरलेल्या, हाताने टिपणे केलेल्या प्रती, ज्यांची २००५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत नोंद झाली. संपादकाचा हात कसा चालत होता, हे त्या समासांत दिसते.

मराठीत लिहून काढताना

टिपणे जुळवून लेख लिहिताना शब्दांची निवड हाच मोठा भाग असतो. बाझिलेची 'ओर्का' ही राक्षसीण, ला फोर्स यांची 'फे' ही परी, १८५७च्या ग्रिमची 'त्साउबेरिन' ही जादूगारीण. तिघींना सरसकट 'चेटकीण' म्हटले की दोनशे वर्षांत झालेला बदलच नाहीसा होतो. त्याचप्रमाणे 'राजकन्या रापुंझेल' असे लिहू नये. ग्रिमच्या कथेत ती साध्या जोडप्याची मुलगी आहे, आणि तिला हरवलेली राजकन्या केले ते २०१० सालच्या अमेरिकी ॲनिमेशनपटाने. केसांची लांबी शेवटच्या पाठात वीस 'एल्ले' दिली आहे. हे माप प्रदेशागणिक बदलत असे, पण अर्ध्या मीटरहून थोडे अधिकच होते, म्हणजे केस बारा मीटरांच्या आसपास भरतात. गोष्ट सांगताना 'वीस हात' म्हटले तर ते मापाला थोडे कमी पण कानाला बरोबर पडते.

लेखाचा क्रम काळाप्रमाणे, म्हणजे बाझिलेपासून ग्रिमपर्यंत लावावासा वाटेल. मी तो उलटा, शोधाच्या क्रमाने लावतो, कारण वाचकाच्या ओळखीचा पाठ १८५७चा असतो, आणि जुळ्या मुलांचे कोडे आधी समोर आले की मागे जाण्याची गरज त्याची त्यालाच वाटते.

हा सराव पुरा झाल्यावर दुसरी कथा म्हणून संग्रहातील २६व्या क्रमांकाची लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट घ्यावी. तेथे छापील पूर्वज आहे, शार्ल पेरो यांची १६९७ची कथा, आणि सांगणारेही माहीत आहेत: कासेलच्या हासेनफ्लुग घरातील दोघी बहिणी, जानेट आणि मारी, ज्यांच्या घराण्याचे मूळ फ्रेंच ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे, होते. ग्रिमच्या पाठात पहिला लांडगा मेल्यानंतर पुन्हा एक दुसरा लांडगा येतो, छपरावर दबा धरून बसतो आणि सॉसेज शिजवलेल्या पाण्याच्या वासाने घसरून दगडी कुंडात बुडतो. चित्रांच्या पुस्तकांतून हा दुसरा लांडगा बहुधा वगळलेला असतो. सुरुवात त्याच्यापासूनच करावी, कारण पहिला लांडगा जानेटने सांगितलेला आहे आणि दुसरा मारीने.